घरांतील कोरीव यंत्र : पहिला पाठ

अंबड येथें राहणाऱ्या मुलांना 'सी.एन.सी.' हा शब्द नवा नाहीं. येथील औद्योगिक वसाहतींत कितीतरी लहानमोठ्या कारखान्यांतून हीं यंत्रें चालतात, आणि आपल्यापैकीं अनेकांचे वडील, काका किंवा मोठे भाऊ त्यांवर काम करून संसार चालवितात. परंतु हें यंत्र आतां कारखान्याची भिंत ओलांडून अभ्यासाच्या टेबलावर मावेल एवढें लहान झालें आहे, आणि त्यावर दारावरची पाटी, देव्हाऱ्याची जाळी, खेळण्यांचे भाग अशा वस्तु घरच्या घरीं कोरतां येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. असें यंत्र घरीं आल्यावर आरंभ कसा करावा, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम या यंत्राचें कूळ पाहूं. सी.एन.सी. म्हणजे संगणकाच्या साह्यानें, अंकांच्या द्वारें केलेलें यंत्राचें नियंत्रण. या कल्पनेचा उगम विमानविद्येंत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरचीं पातीं तयार करीत असे. त्या पात्यांचा वक्र आकार बिनचूक साधणें कठीण जाई. म्हणून वक्ररेषेवरील अनेक बिंदु गणितानें काढून त्या त्या बिंदूवर यंत्र न्यावयाचें, अशी युक्ति त्यानें योजिली. १९४९ सालीं हें काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेकडे गेलें, आणि १९५२ सालीं तेथें भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारें यंत्र लोकांपुढें मांडण्यांत आलें. त्या काळीं नियंत्रणासाठीं निर्वात नळ्यांनीं भरलेलीं कपाटें लागत. आज तेंच काम तळहाताएवढ्या पट्टीवर होतें. आपल्या जिल्ह्यांतही ओझर येथें १९६४ सालापासून विमानांचा कारखाना आहे. तेव्हां या विद्येचें आणि आपलें नातें अगदींच दूरचें नाहीं.

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळूं. नवशिक्यांमध्यें '३०१८' नांवाचें यंत्र विशेष प्रचारांत आहे. त्याच्या टेबलाचें कामाचें क्षेत्र सुमारें ३० सें.मी. लांब व १८ सें.मी. रुंद असतें, म्हणून हें नांव. त्याला तीन दिशा आहेत : डावी-उजवी ती एक्स, पुढें-मागें ती वाय, आणि वर-खालीं ती झेड. भूमितींत आपण आलेखकागदावर जे दोन अक्ष काढतों, त्यांवर तिसरा उभा केला कीं यंत्राचें जग पुरें झालें. प्रत्येक दिशेला एक मोटर आट्यांचा दांडा फिरविते. ही मोटर साध्या पंख्याच्या मोटरीसारखी सलग फिरत नाहीं; ती पावलापावलानें फिरते, आणि एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. नियंत्रक पट्टी प्रत्येक पावलाचे १६ भाग करते, म्हणजे एका फेऱ्यांत ३,२०० भाग होतात. दांड्याच्या एका फेऱ्यानें टेबल ४ मि.मी. सरकतें, म्हणून १ मि.मी. सरकण्यास ८०० भाग लागतात. हा ८०० चा अंक लक्षांत ठेवावा. तो पुढें उपयोगी पडेल.

यंत्राला चित्र समजत नाहीं. त्याला केवळ ओळीनें लिहिलेल्या आज्ञा समजतात. आपण 'इंकस्केप'सारख्या मोफत साधनांत आकृति काढावी; मग दुसऱ्या एखाद्या साधनानें तिचा मार्ग तयार करावा; आणि तो मार्ग आज्ञांच्या रूपानें यंत्राकडे पाठवावा, असा क्रम आहे. या आज्ञा फायलींत रोमन अक्षरांत असतात. येथें त्या उच्चाराप्रमाणें देतों :

जी २१ : सर्व मापें मिलिमीटरमध्यें समज.
जी ९० : सर्व मापें आरंभबिंदूपासून मोज.
जी ० झेड ५ : टूल ५ मि.मी. वर उचल.
एम ३ एस १००० : स्पिंडल फिरव.
जी ० एक्स १० वाय १० : त्या बिंदूवर जलद जा.
जी १ झेड -१ एफ १०० : मिनिटाला १०० मि.मी. गतीनें १ मि.मी. खोल उतर.
जी १ एक्स ४० एफ ३०० : मिनिटाला ३०० मि.मी. गतीनें कापीत जा.
जी ० झेड ५ : टूल पुन्हां वर उचल.
एम ५ : स्पिंडल थांबव.

या नऊ ओळींनीं ३० मि.मी. लांबीचा एक सरळ चर ६ सेकंदांत कोरला जातो. यांतील आठवी ओळ लिहावयास विसरलों आणि यंत्राला दुसऱ्या अक्षराकडे जावयास सांगितलें, तर काय होईल? टूल न उचलतां तें सबंध फळी नांगरीत जाईल. यंत्र कधीं आज्ञा मोडीत नाहीं. पण आपली आज्ञा शहाणपणाची आहे कीं नाहीं, हेंही तें कधीं पाहत नाहीं. त्याला हात आहेत, डोळे नाहींत. डोळे आपले असावे लागतात. या पाठाचें सार एवढेंच आहे.

म्हणून यंत्र आणल्याबरोबर लांकूड कोरूं नये. पहिल्या दिवशीं केवळ जोडणी करावी. सांगाडा जोडतांना प्रत्येक कोपरा गुण्या लावून काटकोनांत आहे ना, तें पाहावें व मगच स्क्रू आवळावे. दुसऱ्या दिवशीं टूलच्या जागीं पेन बांधून कागदावर १०० मि.मी. बाजूचा चौरस काढावा. बाजू पट्टीनें मोजावी व दोन्ही कर्ण मोजावे. कर्ण सारखे, म्हणजे १४१.४ मि.मी.च्या आसपास आले, तर सांगाडा काटकोनांत आहे. कर्ण लहानमोठे आले तर स्क्रू सैल करून पुन्हां जोडावें. बाजू १०० ऐवजीं ९९ भरली, तर आधीं एखादा स्क्रू ढिला आहे काय तें पाहावें. तसें नसेल तर ८०० ला १०० नें गुणून ९९ नें भागावें. उत्तर ८०८.०८ येतें, तोच अंक यंत्रास नव्यानें सांगावा. पायथागोरसाचा सिद्धान्त आणि त्रैराशिक हीं परीक्षेपुरतीं नाहींत, हें त्या दिवशीं नीट कळतें.

तिसऱ्या दिवसापासून मऊ फोमच्या तुकड्यावर कोरावें, आणि मग लांकडाकडे वळावें. फळीची जाडी सर्वत्र सारखी असावी, आणि ती क्लँपनें घट्ट बांधावी. क्लँप टूलच्या मार्गांत येत नाहीं ना, हें बोट फिरवून पाहावें. खोक्यांच्या फळ्या वापरतांना त्यांत खिळा राहिला नाहीं ना, तें तपासावें. एका वेळीं फार खोल जाऊं नये; लहान यंत्रानें अर्धा-अर्धा मि.मी. करीत जाणें बरें. गतीचा हिशोब असा : स्पिंडलचे मिनिटाचे फेरे, टूलच्या धारांची संख्या, आणि प्रत्येक धारेनें काढावयाचा कीस यांचा गुणाकार. ८,००० फेरे, २ धारा आणि ०.०३ मि.मी. कीस धरल्यास मिनिटाला ४८० मि.मी. गति येते. नवशिक्यानें याहून थोडें कमी ठेवावें, पण फार कमी नव्हे. कारण फार सावकाश चालविल्यास टूल कापण्याऐवजीं घासतें, तापतें, आणि लांकूड काळें पडतें.

देवनागरी अक्षरें कोरणारानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ३ मि.मी. व्यासाचें टूल ३ मि.मी.हून अरुंद जागेंत शिरूं शकत नाहीं. 'क' किंवा 'ळ' यांच्या गाठींतील पोकळी त्याहून बारीक असली, तर तें अक्षर बुजकें दिसतें. अशा वेळीं अक्षर मोठें घ्यावें किंवा टोकदार टूल वापरावें. ९० अंशांचें टोकदार टूल २ मि.मी. खोल गेलें कीं वर ४ मि.मी. रुंद चर पडतो. म्हणून खोली आणि रुंदी यांचा मेळ आधीं कागदावर घालावा.

आतां माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. गांवाकडील आमचें जुनें घर उतरविलें, तेव्हां माजघराच्या दाराची सागवानी फळी वडिलांनीं जपून ठेविली होती. तिच्यावर आजोबांचें नांव कोरून पाटी करावी, असें ठरलें. बारीक टूलनें कडेची नक्षी उत्तम उतरली. मग अक्षरांसाठीं मीं जाड टूल लाविलें आणि उत्साहाच्या भरांत तसेंच यंत्र सुरू केलें. नवें टूल जुन्यापेक्षां ४ मि.मी. अधिक बाहेर आलें होतें. यंत्राला तें कसें कळावें? १ मि.मी. खोल जावयाचें तें ५ मि.मी. खोल शिरलें, मोठा आवाज झाला, टूल मोडलें, आणि आजोबांच्या नांवाच्या पहिल्याच अक्षराच्या जागीं खड्डा पडला. तें दार पुन्हां कोठून मिळणार? वडील कारखान्यांतून आले, त्यांनीं फळी हातांत घेतली, आणि इतकेंच विचारलें, "झीरो घेतला होतास का?" मी म्हणालों, "नाहीं, बाबा." ते रागावले नाहींत. रविवारीं त्यांनीं फळीच्या मागल्या बाजूला रंधा मारून दिला, आणि शेजारीं उभे राहून माझ्याकडून काम पहिल्यापासून करून घेतलें. ती पाटी आज आमच्या दारावर आहे. तिच्या पाठीवरचा खड्डा मात्र आम्हीं भरला नाहीं.

झीरो घेणें म्हणजे आरंभबिंदु ठरविणें. फळी व टूलचें टोंक यांमध्यें साधा कागद ठेवावा. टूल हळूहळू खालीं आणावें, आणि कागद ओढतांना किंचित् अडूं लागला कीं थांबावें. कागदाची जाडी सुमारें ०.१ मि.मी. असते, ती हिशोबांत धरावी. टूल बदललें कीं झेड दिशेचा झीरो पुन्हां घेतलाच पाहिजे. आरंभबिंदूशीं फळीवर पेन्सिलीची खूण करावी; वीज गेली तर यंत्र आपली जागा विसरतें, आणि ती खूणच त्याला परत आणते. प्रत्येक नवें काम प्रथम हवेंत, म्हणजे टूल फळीच्या बरेंच वर ठेवून, एकदां फिरवून पाहावें.

पालकांस विनंति आहे कीं, यंत्र चालू असतांना मूल एकटें असूं नये, आणि यंत्रही एकटें असूं नये. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास मास्क असावा. सागवानाचा व एम.डी.एफ.चा बारीक भुसा छातीस अपायकारक आहे. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, मनगटांतील दोरा हीं फिरत्या टूलपासून दूर ठेवावीं, आणि हातमोजे तर मुळींच घालूं नयेत, कारण ते गुंडाळले जाऊन बोटें ओढतात. यंत्र बंद करण्याचें बटण हाताशीं असावें. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचाही विचार करावा.

शेवटीं मुलांना एक काम सुचवितों. तुमच्या घरांत कोणी सी.एन.सी.वर काम करीत असेल, तर त्यांना एकदां विचारा, "नवा जॉब लावल्यावर तुम्ही आधीं काय काय तपासतां?" ते सांगतील तें वहींत क्रमानें लिहून घ्या आणि ती वही यंत्राशेजारीं ठेवा. आजवर ते थकून घरीं येतात एवढेंच आपण पाहिलें. ते दिवसभर किती लक्ष देऊन उभे असतात, हें त्या यादीवरून कळेल.