हवालदाराचा बायोडाटा

एनडीएचा फॉर्म आणि एसएसबीची मुलाखत यांवर आपण वर्षभर बोलत असतो. फौजेत शिरायचे कसे, हे आपल्याला शिकवले जाते. फौजेतून बाहेर पडल्यावर नोकरीचा अर्ज कसा लिहायचा, यावर मात्र या पानावर मी अजून काही वाचलेले नाही. आपल्यापैकी अनेकांचे वडील जवान, नाईक किंवा हवालदार आहेत. ते चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. पेन्शन मिळते, पण पगाराच्या मानाने ती निम्मी, आणि आपली शिक्षणे तर तेव्हा ऐन भरात असतात. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या मुलांना तर चार वर्षांनीच हा प्रश्न पडणार आहे. त्यांच्यापैकी जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच पुढे कायम केले जाणार, म्हणजे बाकीचे पंचविशीच्या आसपासच अर्ज लिहायला बसतील.

आमचे घर सध्या जबलपूरला आहे. या विषयाचा अभ्यास करायला याहून चांगले गाव नाही. सिग्नल्स, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या तिघांची ट्रेनिंग सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस इथे आहेत. रंगरूट इथेच येतात आणि सेवा संपल्यावर डिस्चार्जच्या कागदांसाठी जवान पुन्हा इथेच येतात. माझे बाबा सिग्नल्समध्ये 24 वर्षे होते. शेवटची काही वर्षे ते कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार, म्हणजे सीक्यूएमएच होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी आठ ठिकाणी अर्ज पाठवले होते आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आले नव्हते.

तो बायोडाटा सदर बाजारातल्या एका टायपिंगच्या दुकानात केलेला होता. तीन पाने. वर जाड अक्षरांत ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ असे एक वाक्य होते. दुकानदार ते प्रत्येकाच्या कागदावर घालतो. खाली उंची, धर्म, वैवाहिक स्थिती, आजोबांचे गाव आणि छंद. आपल्याकडे बायोडाटा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नाचा कागद येतो, त्याचा हा परिणाम असावा. फक्त गोत्र आणि रास तेवढी राहिली होती! नोकरीबद्दल एकच ओळ होती: ‘भारतीय सैन्यात हवालदार, 24 वर्षे’.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात. ते एका खासगी कंपनीचे गोदाम सांभाळतात आणि तिथे येणारे अर्ज आधी त्यांच्याच टेबलावर येतात. ते म्हणाले की एका कागदावर त्यांची नजर अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. ते स्वतः फौजी म्हणून त्यांना सीक्यूएमएच म्हणजे काय ते कळते. त्यांच्या मॅनेजरला कळत नाही. मॅनेजरला हवालदार म्हटल्यावर चौकातला पोलीस आठवतो.

खरी मेख इथेच आहे. फौजेत आपली ओळख आपल्याला लिहावी लागत नाही. हुद्दा खांद्यावर किंवा बाहीवर असतो आणि बाकीचे रेकॉर्ड ऑफिस लिहिते. डिस्चार्ज बुकात सेवेची वर्षे, कोर्स, पदके, चारित्र्याचा शेरा हे सगळे असते. बाबांचा शेरा ‘एक्झेम्प्लरी’ आहे, म्हणजे सर्वांत वरचा. पण त्या पुस्तकात माणसाने रोज सकाळी उठून काय केले ते नसते. नोकरी देणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

म्हणून मी वही घेतली आणि बाबांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: त्या दिवशी तुम्ही काय काय केलेत? आधी ते म्हणाले, “काय करणार, ड्यूटी केली.” मग हळूहळू निघायला लागले. रेशन, कपडे, तंबू, भांडी यांचा साठा ठेवणे. आलेला माल मोजून घेणे, लेजरमध्ये चढवणे, व्हाउचरवर सही घेऊनच बाहेर सोडणे. खराब मालाची वेगळी यादी. वर्षाच्या तपासणीला अधिकाऱ्यांचे बोर्ड आले की लेजरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळवून दाखवणे. चार वर्षांत एकाही तपासणीत तूट निघाली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. नव्या बायोडाटात ही ओळ सर्वांत वर आहे: ‘भांडार प्रमुख, 4 वर्षे, वार्षिक तपासणीत तूट शून्य.’ हुद्दा तिच्याखाली, कंसात.

एक गोष्ट मात्र फौजी माणसाने कधीही लिहू नये. युनिट कुठे होते, किती माणसे, कोणती शस्त्रे, कोणते रेडिओ सेट, यातले काहीही नाही. गावाचे नाव घातले की अनुभव भारदस्त दिसतो असे काहींना वाटते. ‘उत्तर सीमेवर, अति उंच भागात’ एवढे पुरेसे असते. आपल्या कामाचा आकडा द्यावा, युनिटचा देऊ नये.

दहावी पास जवानाची 15 वर्षे सेवा झाली की गट ‘क’ च्या ज्या सरकारी पदांना पदवी लागते, त्यांना तो पात्र धरला जातो. त्याचे प्रमाणपत्रही मिळते. खासगी कंपनीत हे बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून तिथे नुसते ‘ग्रॅज्युएट’ लिहू नये. प्रमाणपत्र कशाचे आहे ते सरळ लिहावे, नाहीतर मुलाखतीत कॉलेजचे नाव विचारतात आणि माणूस विनाकारण खोटा ठरतो.

आता सोबतचे पत्र. बायोडाटा बहुतेक तोच राहतो, पत्र मात्र दर वेळी नवे लिहावे लागते, कारण वाचणारा बदलतो. गणितज्ञ रामानुजन यांची दोन पत्रे यासाठी पाहण्यासारखी आहेत. 9 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. तो अगदी थोडक्यात आहे. मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढे जाता आले नाही, गणिताचा अभ्यास चालू आहे, हे काम नीट करीन याची खात्री आहे. शिक्षण अर्धवट राहिले हे त्यांनी लपवले नाही. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. 1 मार्चपासून 30 रुपये महिन्यावर ते कामाला लागले. पुढच्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजला हार्डींना लिहिले, तेव्हा सोबत स्वतःची प्रमेये पाठवली. माणूस तोच होता. पण कारकुनी देणाऱ्याला त्यांनी प्रमेये दाखवली नाहीत, आणि हार्डींना नुसत्या शिफारशीवर विसंबायला सांगितले नाही.

बाबांचे पत्र इंग्रजीत गेले. मराठीत ते साधारण असे:

‘आपल्या गोदामात स्टोअर सुपरवायझरची जागा असल्याचे समजले. मी सैन्यात चार वर्षे भांडार सांभाळले असून वार्षिक तपासणीत कधी तूट आली नाही. आपल्याकडे माल रात्रीही उतरतो असे जाहिरातीत आहे. रात्रपाळीची मला सवय आहे. संगणकावर साठ्याची नोंद ठेवणे शिकत आहे. आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येऊ शकेन.’

यात ‘देशसेवा’ हा शब्द नाही. आईला ते खटकले. बाबांचे म्हणणे असे की तो शब्द समोरच्याने म्हटला तर शोभतो.

नव्या कागदांवर पाच अर्ज गेले आणि दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एका ठिकाणी लेजर आणि व्हाउचर यांवर बराच वेळ प्रश्न विचारले, पण त्यांना टॅली येणारा माणूस आत्ताच हवा होता. दुसऱ्यांचे उत्तर अजून यायचे आहे. टॅलीच्या क्लासला बाबा रोज संध्याकाळी सायकलने जातात. त्यांच्या शेजारच्या बाकावर बारावीची मुले बसतात. कोर्स संपेपर्यंत बायोडाटात ती ओळ ‘शिकत आहे’ अशीच ठेवली आहे.