दिव्यांग बालकांचे पालक, ग्रामपंचायत आणि शिक्षक

चालता न येणाऱ्या मुलास कडेवर घेऊन आई शाळेच्या पायऱ्या चढते. मूल वाढते, तसा तिचा धीर खचतो. वाटेत भेटलेल्या सरपंचांना ती आपली अडचण सांगते; ‘पाहू’ असे उत्तर मिळते आणि गोष्ट तेथेच राहते. कारण तोंडी विनंतीची दप्तरी नोंद होत नाही.

वस्तुतः ही मागणी उपकाराची नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शालेय वयातील दिव्यांग बालकांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवरही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणार्थ खर्च करावयाचा असतो. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते. ते त्यांना सांगणे शिक्षकाचे काम होय.

शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा :

१. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे काय, हे पाहावे. नसल्यास ते मिळविण्यास साह्य करावे.
२. अर्जात ‘मदत मिळावी’ असे मोघम न लिहिता ‘शाळेच्या दाराशी रॅम्प व कठडा हवा’ असे नेमके लिहावे.
३. अर्ज ग्रामपंचायत कार्यालयात देऊन पोच घ्यावी.
४. विषय ग्रामसभेत मांडला जावा व इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी, हे पाहावे.

अर्जाचे अक्षर आपले असले तरी बोल पालकांचेच असावेत. सभेत आईनेच बोलावे. शिक्षकाने तिच्या पाठीशी उभे राहावे.