कुसळ धरायच्या आत कापा

तायांनो, भाटघरला धरण भरलेलं असलं तरी वरचे मुरमाड उतार उन्हाळ्यात कसे करपतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! तिथंही कुसळी गवत तग धरतं. वरून वाळतं, पण ठोंब जिवंत राहतो, पाऊस पडला की फुटतो. राजस्थानच्या कोरड्या भागातही हेच गवत आहे, आणि हवाई बेटांवर तर लोक याच गवतानं घरं शाकारायचे.

कोवळं असताना शेळ्या-गाई ते आवडीनं खातात. फुलोऱ्यानंतर मात्र दाण्याला टोक आणि लांब कुसळ येतं. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो. असं फिरत फिरत दाणा मातीत घुसतो. हुशारच म्हणायचं! पण आपल्या लुगड्यात अडकणारं तेच टोक शेळीच्या ओठात, हिरडीत रुततं. मग ती चारा सोडते.

म्हणून दसऱ्याच्या आसपास फुलोरा दिसू लागला की कापा आणि वाळवून ठेवा. उशीर केला तर हाती नुसती काडी राहते, तिच्यात कस नसतो.

आणि डोंगर जाळू नका. जाळल्यावर गवत जोमानं येतं असं म्हणतात, पण वारंवारच्या वणव्यात कुसळीच पसरते, मारवेलसारखं चांगलं गवत मागं पडतं.

कुसळीत चरणाऱ्या शेळ्यांची तोंडं आठवड्यातून एकदा उघडून बघा. खोल रुतलेलं कुसळ घरी उपटू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.