घटक ६ : दूरचित्रवाणीवरील राजकीय वादविवाद – प्रत्यक्ष पाहणे आणि ऐकीव मत

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• प्रत्यक्ष पाहिलेला वादविवाद आणि त्याविषयी ऐकलेले मत यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• १९६० व १९७६ मधील अमेरिकी अध्यक्षीय वादविवादांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• वादविवादातील विधान, पुरावा, बगल आणि टोमणा ओळखता येतील.
• वादविवादाची टिपणे काढून त्यावर स्वतःचे मत मराठीत मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, निवडणुकीच्या दिवसांत चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा कार्यालयातील मधल्या सुट्टीत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘काल अमक्याने तमक्याला अगदी निरुत्तर केले!’ बोलणाऱ्याला ‘आपण स्वतः पाहिलेत का?’ असे विचारले, तर ‘नाही, पण सगळे तसेच म्हणताहेत’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. हे ‘सगळे’ म्हणजे नेमके कोण, याचा शोध सहसा कोणी घेत नाही.

मत देण्याचा अधिकार आपण दुसऱ्याच्या हाती सोपवीत नाही. मग मत बनविण्याचे काम का सोपवावे? हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण अमेरिकेतील दोन वादविवादांकडे वळणार आहोत. अध्यक्षपदाच्या उमेदवारांनी दूरचित्रवाणीवर समोरासमोर येण्याची प्रथा त्या देशात दीर्घकाळ चालत आली आहे. त्यामुळे पाहणे आणि ऐकणे यांतील अंतर तेथे स्पष्टपणे तपासता येते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ १९६० : केनेडी आणि निक्सन

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथील स्टुडिओत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन एफ. केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन समोरासमोर आले. अंदाजे सात कोटी लोकांनी हा वादविवाद पाहिला. त्या वर्षी असे एकूण चार वादविवाद झाले. १९३४ च्या दळणवळणविषयक कायद्यानुसार एका उमेदवाराला वेळ दिल्यास इतर सर्व उमेदवारांनाही समान वेळ देणे वाहिन्यांवर बंधनकारक होते. १९६० पुरती ही अट अमेरिकी संसदेने स्थगित केली, म्हणूनच दोघांचाच वादविवाद शक्य झाला. त्यानंतरच्या तीन निवडणुकांत असे वादविवाद झाले नाहीत.

या पहिल्या वादविवादाविषयी एक गोष्ट जगभर सांगितली जाते. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या आजारातून उठलेले, चेहरा ओढलेला; केनेडी मात्र टवटवीत. त्यामुळे दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले, तर रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन. यावरून ‘चेहऱ्याने शब्दांवर मात केली’ असा निष्कर्ष काढला जातो.

ही गोष्ट कितपत पक्की आहे? तिचा मुख्य आधार एका खासगी संस्थेची पाहणी हा आहे. त्या पाहणीत केवळ रेडिओवरून वादविवाद ऐकणाऱ्यांची संख्या तीनशेपेक्षाही कमी होती. रेडिओ ऐकणारे लोक मुळातच निक्सन यांच्याकडे झुकलेले होते काय, हेही त्यातून कळत नव्हते. १९८७ मध्ये संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी या उणिवांवर बोट ठेवले. निक्सन यांचा चेहरा म्लान दिसत होता, हे खरे. परंतु त्यामुळेच रेडिओचे श्रोते आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक यांत फूट पडली, हे सिद्ध झालेले नाही. म्हणजे वादविवादांविषयीची सर्वांत प्रसिद्ध गोष्टच मुळात ऐकीव स्वरूपाची आहे. अनेकांनी पुन्हा पुन्हा सांगितल्याने ती वस्तुस्थितीसारखी वाटू लागली.

६.२.२ १९७६ : फोर्ड आणि कार्टर

सोळा वर्षांच्या खंडानंतर १९७६ मध्ये ही प्रथा पुन्हा सुरू झाली. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांचा परराष्ट्र धोरण व संरक्षण या विषयांवर वादविवाद झाला. एका प्रश्नाच्या उत्तरात फोर्ड यांनी, पूर्व युरोपावर सोव्हिएत संघाचे वर्चस्व नाही, अशा आशयाचे विधान केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी आश्चर्याने तोच मुद्दा पुन्हा विचारला, तरीही फोर्ड आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि त्यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया व पोलंड यांची नावे घेतली.

आता पुढील क्रम लक्षपूर्वक पाहा. फोर्ड यांच्या बाजूने काम करणाऱ्या चाचणीकारांनी वादविवाद संपताच दूरध्वनीवरून मतदारांच्या मुलाखती घेतल्या. त्या वेळी दोन्ही उमेदवार जवळजवळ बरोबरीत होते; फोर्ड किंचित पुढेच होते. पूर्व युरोपाचा उल्लेख आपणहून करणारे फारसे कोणी आढळले नाही. त्यानंतर बातम्यांतून आणि वृत्तपत्रांतून ‘फोर्ड यांची घोडचूक’ हाच विषय गाजू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कार्टर जिंकले असे मोठ्या फरकाने सांगितले जाऊ लागले आणि कारण म्हणून पूर्व युरोपाचे नाव पुढे येऊ लागले. वादविवाद तोच होता. मधल्या एका दिवसात त्यावर केवळ भाष्याची भर पडली होती.

६.२.३ या उदाहरणाचा अर्थ

यावरून ‘भाष्यकारांनी लोकांना फसविले’ असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. फोर्ड यांचे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. पोलंडमध्ये त्या काळी सोव्हिएत सैन्य होते, आणि काही दिवसांनी फोर्ड यांना आपल्या बोलण्याचा खुलासाही करावा लागला. सामान्य प्रेक्षकाच्या नजरेतून निसटलेली चूक जाणकाराने दाखवून दिली, तर तो उपकारच होय. भाष्याचे हे कार्य मान्य केलेच पाहिजे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नव्वद मिनिटांची चर्चा एका वाक्यात आकसली. संरक्षणखर्च, शस्त्रनियंत्रण, परराष्ट्र धोरणाची दिशा यांवर दोघे काय बोलले, हे त्या एका वाक्याखाली झाकले गेले. ज्याने वादविवाद पाहिला होता, त्याच्याजवळ ते झाकलेले उरले होते. त्याला भाष्याशी सहमत होता येत होते आणि असहमतही. ज्याने पाहिला नव्हता, त्याच्यापुढे मात्र सहमतीखेरीज दुसरा मार्ग नव्हता. म्हणून भाष्य टाळावे असे नव्हे. क्रम पाळावा : आधी पाहावे, स्वतःचे मत टिपून ठेवावे आणि मग भाष्य ऐकावे. भाष्याने मत बदलले तरी हरकत नाही. ते का बदलले, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) १९६० मध्ये दोघांचाच वादविवाद कशामुळे शक्य झाला?
आ) १९७६ मधील वादविवाद संपताच घेतलेल्या मुलाखती आणि दुसऱ्या दिवशीच्या मुलाखती यांत कोणता फरक दिसला?

६.२.४ पाहण्याची पद्धत

केवळ पडद्यासमोर बसणे म्हणजे पाहणे नव्हे. चेहरा, पोशाख, आवाजाची चढउतार यांचा प्रभाव आपल्यावर नकळत पडतो. त्यासाठी वहीचे पान चार रकान्यांत विभागावे : प्रश्न, विधान, पुरावा, शेरा. पुढील कल्पित उदाहरण पाहा.

प्रश्न : ‘आपल्या कार्यकाळात तालुक्यातील किती पाणीयोजना पूर्ण झाल्या?’
उत्तर : ‘पाणी हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. विरोधकांना पाण्यावर बोलण्याचा अधिकारच काय? ज्यांनी विहीर पाहिली नाही, त्यांनी धरणावर बोलू नये!’

या उत्तरावर टाळ्या पडतील. पण रकाने भरू लागताच ‘विधान’ आणि ‘पुरावा’ हे दोन्ही कोरे राहतात. ‘किती’ या प्रश्नाला संख्या मिळालेली नाही. पहिल्या वाक्यात भावना आहे, दुसऱ्यात बगल आहे आणि तिसऱ्यात टोमणा आहे. ‘शेरा’ या रकान्यात आपण लिहाल : उत्तर दिले नाही.

भाषेचे विद्यार्थी म्हणून क्रियापदांकडेही लक्ष द्या. ‘आम्ही चुका केल्या’ आणि ‘चुका झाल्या’ या दोन वाक्यांत जबाबदारीचा फरक आहे; दुसऱ्या वाक्यात कर्ता दिसेनासा होतो. ‘करू’, ‘करीत आहोत’ आणि ‘केले’ यांत आश्वासन, चालू काम व पूर्ण झालेले काम असा भेद असतो. ‘रोजगार वाढला’ असे ऐकल्यावर कोठे, केव्हापासून, कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न मनात उठले पाहिजेत. व्याकरणाचा हा अभ्यास परीक्षेपुरता नाही, हे येथे लक्षात येईल.

ही टिपणे आपल्या पसंतीच्या उमेदवारासाठीही तितक्याच काटेकोरपणे काढावीत. विरोधकाची बगल सहज दिसते. आपल्या माणसाची दिसणे कठीण असते.

६.२.५ आपल्या परिसरातील उपयोजन

भारतात पंतप्रधानपदाच्या वा मुख्यमंत्रिपदाच्या दावेदारांनी दूरचित्रवाणीवर समोरासमोर येण्याची स्थिर प्रथा नाही. वृत्तवाहिन्यांवर पक्षप्रवक्त्यांच्या चर्चा होतात; तेथे अनेकदा चारचौघे एकाच वेळी बोलतात. तरीही मूळ भाषण स्वतः ऐकण्याची संधी आपल्याला उपलब्ध आहे. निवडणूक काळात मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शनवर भाषणांसाठी वेळ दिला जातो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या संसद टीव्हीवर लोकसभा व राज्यसभेचे कामकाज थेट पाहता येते. भ्रमणध्वनीवर येणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आणि सभागृहातील पूर्ण भाषण यांची तुलना केली, तर चित्रफितीच्या आधी व नंतर काय कापले गेले, हे ध्यानात येते.

नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सर्व काही पाहणे शक्य नाही. म्हणून एकच भाषण किंवा एकच चर्चा निवडा, परंतु ती अखेरपर्यंत पाहा. दहा चर्चांविषयी ऐकण्यापेक्षा एक चर्चा पूर्ण पाहणे मत बनविण्यास अधिक उपयोगी पडते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) ‘चुका झाल्या’ या वाक्यरचनेचा राजकीय भाषणातील परिणाम सांगा.
आ) टिपणांच्या चार रकान्यांची नावे लिहा.

६.३ सारांश

१९६० मधील वादविवादाविषयीची प्रसिद्ध कथा अपुऱ्या पाहणीवर उभी आहे, तर १९७६ मध्ये एका दिवसाच्या भाष्याने विजेत्याविषयीचे मत पालटले. भाष्य चूक दाखवू शकते, तसेच उरलेली सर्व चर्चा झाकूही शकते. स्वतः पाहिलेल्या मतदारालाच भाष्याची पारख करता येते. त्यासाठी प्रश्न, विधान, पुरावा व शेरा अशी टिपणे उपयोगी पडतात.

६.४ पारिभाषिक शब्द

जनमत चाचणी : निवडक लोकांना प्रश्न विचारून लोकमताचा अंदाज घेणे.
बगल : विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता विषय दुसरीकडे वळविणे.
भाष्य : घडलेल्या प्रसंगाचा अर्थ लावून केलेले निवेदन.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) समान वेळेची कायदेशीर अट त्या निवडणुकीपुरती स्थगित केल्यामुळे. आ) प्रथम दोघे जवळजवळ बरोबरीत होते, दुसऱ्या दिवशी कार्टर मोठ्या फरकाने पुढे गेले.
प्रश्न २ : अ) कर्ता लोप पावतो व जबाबदारी कोणाची हे अस्पष्ट राहते. आ) प्रश्न, विधान, पुरावा, शेरा.

६.६ स्वाध्याय

१. ‘आधी पाहणे, मग भाष्य ऐकणे’ हा क्रम का महत्त्वाचा आहे, ते १९७६ च्या उदाहरणाआधारे स्पष्ट करा.
२. क्षेत्रीय कार्य : संसदेतील किंवा दूरचित्रवाणीवरील एक चर्चा पूर्ण पाहा. चार रकान्यांत टिपणे काढा आणि आपले मत दहा ओळींत लिहा. नंतर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील त्याच चर्चेची बातमी वाचा. बातमीत काय आले, काय राहिले आणि आपले मत बदलले असल्यास का बदलले, यावर दोनशे शब्दांत टिपण लिहून संपर्कसत्रात सादर करा.