सोनमाशांचा हर्पीस आणि आपलें शेततळें

मागील हिवाळ्यांत माझा पुतण्या गांवाहून गिरगांवांतील खोताच्या वाडींत आमच्या घरीं आला होता. ओटीवरील कांचेच्या पेटींतले सोनमासे व रंगीत कोई पाहून तो म्हणाला, "काका, जातांना चार कोई नेतों आणि शेततळ्यांत सोडतों." मीं त्यास थांबविलें. त्याचें कारण सर्व शेतकरी बंधूंनीं ध्यानांत घ्यावें, म्हणून हा लेख.

कोई हा निराळा मासा नव्हे. रोहू-कटल्याबरोबर आपण जो सायप्रिनस पाळतों, त्याचीच ती शोभिवंत जात होय. अर्थात् एकाचा रोग दुसऱ्यास जडतो. या कुळांतील माशांस हर्पीस वर्गाचे तीन विषाणु पीडा देतात. पहिल्यानें अंगावर मेणासारखे फुगवटे येतात. दुसरा सोनमाशांचें मूत्रपिंड व प्लीहा नासवितो. तो १९९२ सालीं जपानांत आढळला, आणि पश्चिम बंगालमधील शोभिवंत मत्स्यशेतींत तो आढळल्याची नोंद २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तिसरा कोई व सायप्रिनस यांचा, सर्वांत घातक. १९९८ सालीं इस्रायल व अमेरिका येथें त्यानें मोठी हानि केली. शंभरांतील ऐशींहून अधिक मासे तो मारूं शकतो.

पाणी १८ ते २८ अंश सेल्सिअस असतां हा रोग बळावतो. कल्ले पांढुरके पडून कुजतात, डोळे खोल जातात आणि मासे धापा टाकतात. मनुष्यास याची बाधा नाहीं. परंतु माशांस औषधही नाहीं.

खरा धोका वांचलेल्या माशाचा. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणु मनुष्याच्या अंगांत दडून उतारवयांत नागीण होऊन उठतो. हर्पीस वर्गाचा स्वभावच तसा. बरा दिसणारा मासाही रोग वाहूं शकतो.

म्हणून शोभेचे मासे शेततळ्यांत मुळींच सोडूं नयेत. सायप्रिनसचें बीज खात्रीच्या केंद्रांतूनच घ्यावें. नवे मासे निदान एक महिना वेगळ्या टाक्यांत, आपल्या तळ्यांतील दोन-चार सायप्रिनसांसह ठेवावे. जाळें व बादली वेगळी असावी. मासे एकाएकी मरूं लागल्यास तळ्याचें पाणी ओढ्यांत सोडूं नये, मेलेले मासे चुना घालून पुरावे, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयास त्वरित कळवावें.

महसुलांत कारकुनी करितांना मीं पाहिलें, कीं जमीन हिरवीगार दिसते, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असतो. माशाला सातबारा नसतो. त्याचा बोजा एक महिन्याच्या धीरानेंच पारखावा लागतो. पुतण्या रिकाम्या हातीं परतला, पण त्याचें तळें सुरक्षित राहिलें.