शाळेच्या दूरध्वनीचें यंत्र कसें निवडावें ?

विद्यार्थिमित्रहो, दोन वर्षांपूर्वींच्या एप्रिल महिन्यांतील एक गोष्ट आम्ही अद्याप विसरलों नाहीं. वसतिगृहांतील एका मुलास ताप भरला होता. लोणार तालुक्यांतील त्याच्या गांवीं ही वार्ता उडत उडत पोहोंचली. वडिलांनीं संध्याकाळपासून रात्रीं दहा वाजेपर्यंत शाळेच्या क्रमांकावर फोन केला, पण पलीकडून उत्तर आलें नाहीं. वसतिगृहाचे अधीक्षक नवे असल्यामुळें त्यांचा क्रमांक त्या गृहस्थांस ठाऊक नव्हता. शाळेच्या सर्व दूरध्वनींची जुळणी करणारा जुना संगणक कचेरींतील टेबलाखालीं ठेवलेला असे. तो उन्हाच्या तापानें दुपारींच बंद पडला होता, आणि कचेरीस कुलूप लागलें होतें. सकाळच्या पहिल्या एस्. टी. नें वडील आले. मुलाचा ताप उतरला होता. ते रागावले नाहींत. "फोन लागला असता तर रात्र डोळ्यांत काढावी लागली नसती," एवढेंच म्हणाले. तें वाक्य आम्हांस फार लागलें.

पुढें नवें यंत्र निवडण्याचें काम शाळेनें आम्हां तिघां शिक्षकांकडे सोंपविलें. पैसा पालकांचा, म्हणून निवड कशी केली याचा हिशेब त्यांच्यापुढें व तुमच्यापुढें मांडणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम हें यंत्र करतें काय तें पाहूं. अनेक फोन असले म्हणजे कोणता कोणास जोडावयाचा हें ठरविणारें कोणी तरी मध्यें लागतें. मुंबईस २८ जानेवारी १८८२ रोजीं दूरध्वनीचें केंद्र उघडलें, तेव्हां हें काम माणूस हातानें करीत असे. पुढें अमेरिकेंतील स्ट्रौजर नांवाच्या गृहस्थास १८९१ सालीं स्वयंचलित जुळणीचा हक्कनामा मिळाला. त्याचा मूळ धंदा प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. आज तेंच काम संगणक करतो.

त्यासाठीं संगणकावर जी आज्ञावली चालते, तिच्यांत ॲस्टेरिस्क ही विशेष प्रसिद्ध आहे. मार्क स्पेन्सर या तरुणानें ती १९९९ सालीं लिहावयास घेतली. आपल्या लहानशा कंपनीसाठीं तयार दूरध्वनी-यंत्रणा विकत घेणें त्यास परवडत नव्हतें. त्यानें ती स्वतः लिहिली व सर्वांस खुली केली. तिचा मूळ मजकूर कोणीहि वाचावा, सुधारावा व वापरावा. मध्य भारतांतील खेडोपाडींच्या लोकांनीं साध्या फोनवरून आपली बातमी सांगावी व दुसऱ्यांची ऐकावी, अशी सीजीनेट स्वर नांवाची सेवा २०१० सालीं सुरू झाली. तीहि ॲस्टेरिस्कच्याच आधारावर उभी राहिली. अशा रीतीनें आज्ञावली फुकट मिळते खरी, पण ज्यावर ती चालावयाची तें यंत्र फुकट मिळत नाहीं. ही सर्व जबाबदारी वाहणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात.

दुकानदारास आम्हीं भाव विचारला, तेव्हां त्यानें सर्वांत मोठें यंत्र पुढें केलें. आम्हीं त्यास थांबविलें, कारण आमची गरज किती हें आम्हींच मोजलें नव्हतें. मग एक आठवडा वहींत नोंद ठेवली. सर्वांत गर्दीच्या तासांत साधारण ६० फोन होत, व प्रत्येक सरासरी ३ मिनिटें चाले. म्हणजे ६० × ३ = १८० मिनिटें; तासाच्या ६० मिनिटांनीं भागितलें तर ३ आले. या मापास एर्लांग म्हणतात. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनींतील गणिती ए. के. एर्लांग यांच्या नांवावरून तें पडलें आहे. सरासरी ३ आली म्हणून बाहेरच्या ३ वाटा पुरतील, असें कोणासहि वाटेल. परंतु लोक रांगेनें फोन करीत नाहींत. कधीं एकदम येतात, कधीं कोणीच येत नाहीं. एर्लांगच्या सूत्रानें पाहतां ३ वाटा ठेवल्यास १०० पैकीं सुमारें ३५ फोन परत जातील. ८ वाटा ठेवल्यास शंभरांत एकहि जेमतेम जाईल. म्हणून आम्हीं ८ हा आंकडा धरला.

आतां ८ संभाषणांस केवढी शक्ति लागते ? साध्या पद्धतींत आवाजाचें माप सेकंदास ८,००० वेळां घेतात व प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे ६४,००० बिट झाले. आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते धाडावयाचे असल्यानें प्रत्येकावर पत्त्याची चिठ्ठी लागते. ती धरून हा आंकडा ८०,००० च्या घरांत जातो. आठांचे मिळून एका दिशेस साडेसहा लक्षांच्या आंत. आजच्या साध्या सर्व्हरास हें ओझें म्हणजे हत्तीच्या पाठीवर गवताची पेंढी ! आवाजाचें एका पद्धतींतून दुसऱ्या पद्धतींत रूपांतर करावयाचें असेल तर मात्र प्रोसेसरवर भार वाढतो. म्हणून सर्व फोन एकाच पद्धतीचे घ्यावे, हा पहिला धडा. यांत पुष्कळ पैसे वांचले.

ते पैसे आम्हीं दुसरीकडे लावले, आणि त्याचें कारण आपला जिल्हा. घाटावर बुलढाण्यास हवा बरी असते. आमची शाळा पडली घाटाखालीं. खामगांव-मलकापुराकडे मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. उलट पुष्कळ सर्व्हरांच्या माहितीपत्रकांत आंत येणारी हवा ३५ अंशांपर्यंतच असावी असें लिहिलेलें असतें. येथें आम्हांस सी-डॉट या सरकारी संस्थेची आठवण झाली. ती १९८४ सालीं स्थापन झाली, आणि १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें तिनें १२८ जोडण्यांचें ग्रामीण दूरध्वनी केंद्र बसविलें. आपल्या खेड्यांतील ऊन व धूळ ध्यानांत घेऊन, वातानुकूलनावांचून चालेल असेंच तें रचलें होतें. परदेशांतील थंड खोलीसाठीं केलेलें यंत्र आणून तें तापलें कीं कपाळास हात लावणें, हें शहाणपणाचें नव्हे.

असले सर्व्हर लोखंडी मांडणींत, ज्यास रॅक म्हणतात तींत, एकावर एक बसतात. रॅकची रुंदी १९ इंच, व उंची मोजण्याचें माप पावणेदोन इंचांचें. त्यास एक 'यू' म्हणतात. एक यू उंचीचें यंत्र जागा थोडी घेतें, पण त्यांतील पंखे लहान असल्यानें अति वेगानें फिरतात व मोठा आवाज करतात. दोन यू उंचीच्या यंत्रांत मोठे पंखे मावतात. ते सावकाश फिरूनहि हवा पुष्कळ ओढतात. आमच्या कचेरींत माणसें बसतात, म्हणून आम्हीं दोन यू पसंत केलें. रॅकची खोली मात्र आधीं मोजावी. भिंतीवरच्या उथळ रॅकमध्यें लांब सर्व्हर मावत नाहीं, आणि हें घरीं आणल्यावर कळून उपयोग नसतो.

बाहेरची तार थेट सर्व्हरांतील कार्डास न जोडतां आम्हीं निराळी जोडपेटी घेतली. कार्ड असतें तर एका यंत्राशीं बांधले गेलों असतों; पेटीची तार एका यंत्रांतून काढून दुसऱ्यांत घालतां येते. डिस्क दोन घेतल्या. एकीवर लिहिलेलें दुसरीवर आपोआप उमटतें. पण एकीवरील चूकहि दुसरीवर उमटते, म्हणून तिसरी प्रत दर आठवड्यास बाहेर काढून ठेवावी लागतेच. मेमरी चूक शोधून सुधारणारी घेतली.

विजेचाहि हिशेब केला. एक जुना मोठा सर्व्हर स्वस्तांत मिळत होता, पण तो ३०० वॅट खाणारा. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे २,६२८ युनिटें. नवा ८० वॅटांचा. त्याचीं ७०० युनिटें. स्वस्त वस्तु दर महिन्याच्या बिलांत महाग होते ती अशी. वीज गेली तर सर्व्हर व फोन मिळून २०० वॅट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदावर १,८०० वॅट-तास, म्हणजे ९ तास भरतात. प्रत्यक्षांत ५ तास धरून चालावें. फोनांस वीज पुरविणारी नेटवर्कची पेटी बॅटरीवर ठेवावयास विसरूं नये. नाहीं तर सर्व्हर जागा आणि फोन झोपलेले, अशी गत होते.

शेवटीं मुख्य प्रश्न राहिला : एकच भारी यंत्र घ्यावें, कीं दोन साधीं ? भारी यंत्रास दोन वीजपेट्या असतात, पण दोन्ही एकाच खटक्यावर लाविल्या तर दोन असून एकच. आम्हीं दोन साधीं घेतलीं. एक चालतें, दुसरें तीच आज्ञावली व तेच क्रमांक घेऊन शेजारीं तयार असतें. दोन्ही उत्तरेच्या सावलीच्या खोलींत, जमिनीपासून उंच, धुळीची जाळी लावून ठेवलीं आहेत. खोलीची एक किल्ली वसतिगृहांत असते.

पण न पाहिलेल्या तयारीवर विश्वास कसा ठेवावा ? म्हणून गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं, दहावीच्या मुलांसमक्ष, आम्हीं चालत्या यंत्राची वीज काढली. सर्व फोन मुके झाले. दोन मुलांनीं भिंतीवरील कागद वाचीत तारा बदलल्या. नवव्या मिनिटास वसतिगृहांतील फोन वाजला. पलीकडे लोणार तालुक्यांतील तेच पालक होते; त्यांस आम्हीं आधीं सांगून ठेवलें होतें कीं त्या वेळीं फोन करा.

मुलांनो, तुम्ही पुढें पंप घ्याल, शिवणयंत्र घ्याल, दुकानाचा तराजू घ्याल. गरज मोजा, जागा पाहा, चालविण्याचा खर्च काढा, बिघडल्यास काय करावयाचें तें आधीं ठरवा. किंमत मग विचारा. कांहीं मोजतां येत नसेल तर वही घेऊन आठवडाभर बसा. आमच्या कचेरींतील ती नोंदवही कोणासहि पाहावयास मिळेल.