नेवाशात नेवासा सापडेना

नेवासा फाट्याजवळ एका मार्गदर्शन कार्यक्रमाला गेलो होतो. भाषणं झाली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी एक गृहस्थ खुर्ची सोडेनात. शेजारी त्यांची मुलगी होती, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला.

"सर, हिला काहीतरी सांगा. वर्ष झालं, रात्री बारापर्यंत वेबसाइट का काय ते करत बसती. म्हणती, तिच्यात शोधायची पेटी बसवली की जाहिरातीचे पैसे येत्यात. आम्ही ऊसवाली माणसं. आम्हाला पेटी म्हणजे भजनातली."

मुलगी हसली नाही. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. घोडेगावच्या कांदा बाजाराची माहिती, मुळा कालव्याच्या आवर्तनावर एक लेख, शिंगणापूरला आणि देवगडला येणाऱ्यांसाठी रस्ते आणि मुक्काम, पैस खांबाच्या मंदिरावर दोन लेख, असा तिचा ऐवज. वर कोपऱ्यात शोधपेटी. मी तिच्यात 'नेवासा' टाइप केलं. चार लेख आले. तालुक्यावर तिने वीसेक लेख लिहिले होते. बाकीचे कुठे गेले, ते तिलाही कळेना.

त्याकडे येतोच. आधी वडिलांचा प्रश्न, कारण झोप त्यांची उडाली आहे.

पैसे येतात का? येतात. वेबसाइटवर जाहिराती लावण्याची गूगलची ॲडसेन्स ही योजना २००३ पासून आहे आणि मराठी मजकुराला तिची दारं २०१८ मध्ये उघडली. शोधपेटीचा प्रकार थोडा वेगळा. गूगल आपली पेटी फुकट देतं. वाचकाने तुमच्या साइटवर काही शोधलं की उत्तरांसोबत जाहिराती दिसतात आणि त्या उत्पन्नात तुमचा वाटा असतो. लेखाशेजारच्या जाहिरातीत जाहिरातदाराच्या शंभर रुपयांतले साधारण ६८ रुपये साइटवाल्याला मिळतात, शोधातल्या जाहिरातीत ५१. वाटा कमी, पण शोधणारा माणूस जास्त मोलाचा. लेख वाचणारा वेळ घालवत असतो. 'ठिबकची नळी' असं टाइप करणाऱ्याच्या डोक्यात खरेदी असते, म्हणून त्याच्यासाठी जाहिरातदार हात सैल सोडतो.

आता खरी गोम. शंभर डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही. नव्या साइटवर महिन्याला दोन डॉलर पडले असं धरा. शंभर व्हायला पन्नास महिने, म्हणजे चार वर्षं आणि वर दोन महिने. मुलगी पदवी घेऊन घरी येईल आणि पहिला हप्ता वाटेतच असेल. त्यात छोट्या साइटवर लोक शोधपेटी क्वचितच वापरतात. शंभर वाचक आले तर पेटीत दोघातिघांनी काही टाइप केलं तरी नशीब म्हणायचं. भरीला, ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतातही शोधाच्या पानावर यंत्राने लिहिलेलं आयतं उत्तर वरच दाखवू लागलं आहे. उत्तर तिथेच मिळालं तर वाचक साइटवर कशाला येईल? त्यामुळे निव्वळ जाहिरातीवर पोट भरण्याचा बेत कुणी आखत असेल, तर पालकांची काळजी रास्त आहे. मी तिच्या वडिलांना तेच सांगितलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला, मुलीचा पडला.

पण ती पेटी मला सोडवत नव्हती. मी तिला म्हटलं, 'कांदा' टाक. तीन लेख आले. आता शेवटचा काना काढ आणि नुसतं 'कांद' टाक. अकरा आले.

तिने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं करिअर त्या क्षणी सुरू झालं असं मला वाटतं. वडिलांना अर्थात काही दिसलं नव्हतं.

झालं होतं असं. तिच्या साइटची पेटी गूगलची नव्हती, साइट बनवायच्या वर्डप्रेस या साधनासोबत आलेली आयती होती. ती अक्षराला अक्षर जुळवते, भाषा तिला कळत नाही. मराठीत मात्र विभक्ती लागायच्या आधीच शब्द रूप पालटतो. शाळेत सामान्यरूप म्हणून घोकलेलं असतं ते. कांदा बाजारात गेला की 'कांद्याचा' भाव होतो, पाणी सुटलं की 'पाण्याचं' आवर्तन होतं. ऊस तर पहिल्या अक्षरापासून बदलतो: शेतात 'ऊस', काट्यावर 'उसाचं' वजन. 'ऊस' टाइप करणाऱ्याला 'उसाचा दर' हा लेख ती पेटी कधीच दाखवणार नाही. आणि नेवासा? आपण नेवाशात राहतो, नेवाशाला जातो, नेवाशाचा बाजार करतो. 'सा'चा 'शा' झाला की गाव हरवलं. तिचे सोळा लेख गेले होते ते तिथे.

एवढ्यावर भागत नाही. कुणी 'नेवासे' लिहितं. इंग्रजी अक्षरांत टाइप करणारे कुणी 'व्ही' वापरतात, कुणी 'डब्ल्यू'. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. ती नवं नाव लिहिते, बाहेरचा भाविक अजून अहमदनगरच टाइप करतो. सगळ्यांत चकवा देणारा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्यां' संगणकात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवर लिहिलेला शेतकरी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधणाऱ्याला भेटत नाही. 'ॲडसेन्स'मधल्या 'ॲ'चंही तेच. श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फाँटांत पडून राहिलेला मजकूर तर शोधाच्या दृष्टीने कुलूपबंद आहे, आणि संस्था-कारखान्यांचे जुने अहवाल चाळलेत तर तो भरपूर सापडेल.

शब्दांची रूपं जुळवण्याचं हे काम मराठीला नवं नाही. नेवाशातल्या पैस खांबाजवळ १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांनी हातोहात उतरवलेल्या प्रतींतले पाठभेद ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली. वेगवेगळी दिसणारी रूपं मुळात एकच आहेत की नाहीत, हे ठरवायला भाषा आतून माहीत असावी लागते.

यंत्रालाही हे शिकवता येतं. भारतीय भाषांतल्या शोधाची कसोटी घेणारा 'फायर' हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हा हिंदी-बंगालीसोबत मराठीही पहिल्या भाषांत होती. त्यासाठी सकाळ आणि महाराष्ट्र टाइम्समधल्या बातम्या वापरल्या गेल्या. मराठीचे प्रत्यय छाटून मूळ शब्द गाठणाऱ्या पद्धती त्या कसोटीवर घासून २०१० मध्ये निबंध छापला तो ल्यिल्याना डोलामिच आणि झाक सावुआ यांनी, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठात बसून. 'नेवाशाला'मधला प्रत्यय कुठे तोडायचा याचा विचार जुरा पर्वताच्या पायथ्याशी झाला. मला याचा राग येत नाही, थोडी लाज मात्र वाटते.

लाजेपेक्षा संधी मोठी आहे. मोठमोठ्या साइटी शोधासाठी इलास्टिकसर्च नावाची यंत्रणा वापरतात. तिच्यात कित्येक भाषांचं व्याकरण आयतं भरलेलं मिळतं. त्या यादीत हिंदी आहे, बंगाली आहे. मराठी मी शोधली, मला दिसली नाही. ज्याला मराठी शोध चालवायचा आहे, त्याला हे नियम स्वतः लिहावे लागतात किंवा लिहिणारा माणूस शोधावा लागतो. आणि असा माणूस, ज्याला प्रोग्रॅमिंगही येतं आणि 'ऊस'चं 'उसाला' का होतं हेही सांगता येतं, सहजासहजी मिळत नाही.

'मराठी शोधतज्ज्ञ' अशी जाहिरात पेपरात येणार नाही, हे आधीच सांगतो. येईल ती सर्च इंजिनिअर, डेटा सायंटिस्ट, भाषातंत्रज्ञ अशा नावांनी. दुकानांच्या ॲपला, बँकेला, वृत्तपत्राला, पुराभिलेखाला, ज्याच्याकडे ढीगभर मजकूर किंवा माल आहे त्या प्रत्येकाला शोध लागतो. नोकरी तिथे. मराठी हे तुमचं जास्तीचं हत्यार.

वाटा कोणत्या? बीसीएस, बीसीए, संगणक अभियांत्रिकी या सरळ वाटा आहेत, त्याबद्दल सगळे सांगतात. पुढे आयआयटी मुंबईतलं भारतीय भाषा तंत्रज्ञानाचं केंद्र आणि पुण्याचं सी-डॅक ही दोन नावं लक्षात ठेवा, तिथे या विषयात वर्षानुवर्षं काम झालं आहे. मला जास्त बोलायचं आहे ते कला शाखेच्या मुलांशी, कारण 'मराठी घेऊन काय करणार' हा टोमणा त्यांनाच ऐकावा लागतो. मराठी घेऊन बीए करा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचं एमए करा. पुरातत्त्वज्ञ सांकळियांनी १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केलं ते याच संस्थेतर्फे, त्यामुळे गावाला ते नाव अनोळखी नसावं. घर सोडता येत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र करता येतं. वर्गीकरण, सूची, विषयशीर्षकं, ही ग्रंथपालाची जुनी विद्या म्हणजेच शोधाचा पाया. तिच्या जोडीला पायथन शिका. आठ-दहा महिने नेटाने बसलात तर कामापुरतं येतं.

नेवाशाच्या त्या मुलीला मी तीन महिन्यांचा अभ्यास दिला. जाहिरातीची काळजी सोड. पेटीत लोक काय टाइप करतात ते रोज वहीत उतरव. गूगल ॲनालिटिक्समध्ये ते शब्द दिसतात, आणि बाहेरून काय शोधत लोक तुझ्याकडे आले ते सर्च कन्सोलमध्ये. ज्या शब्दाला एकही उत्तर मिळालं नाही, त्याखाली लाल रेघ. मग तीन रकाने कर: लेख आहे पण पेटीला सापडला नाही, लेखच नाही, शब्द चुकीचा टाइप झाला. पहिल्या रकान्यातून तुला प्रोग्रॅम लिहायला सुचेल, दुसऱ्यातून पुढचा लेख. तिसरा रकाना सगळ्यांत मजेचा, कारण लोक कसं बोलतात ते त्यात दिसतं. मुलाखतीला जाशील तेव्हा प्रमाणपत्रांच्या फाइलीऐवजी ही वही टेबलावर ठेव.

वडिलांनी शेवटी विचारलं, "म्हणजे करू द्यायचं?" करू द्या. साइटच्या नावासाठी आणि जागेसाठी वर्षाला काही हजारांत भागतं. त्यापलीकडे पैसे मागितले तर का ते विचारा. 'जाहिरातीतून महिना पन्नास हजार' शिकवणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. पदवीचे पेपर आधी, साइट नंतर, एवढी अट घाला.

आणि जाहिराती लावायच्याच असतील तर काही गोष्टी घरच्यांनीच पाळायच्या आहेत. आत्याला, मामाला, मित्रांना जाहिरातींवर बोटं मारायला सांगू नका. गूगलला ते कळतं आणि खातं बंद होतं. मूल अठराच्या आतलं असेल तर खातं पालकाच्या नावावर उघडावं लागतं. पालक सरकारी नोकरीत असतील तर त्याआधी आपल्या कार्यालयात नियम विचारून घ्या, आणि येणारं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्ता पडताळायला गूगल टपालाने सहा आकडी पिन पाठवतं. साधं पत्र असतं, पोचायला दोन-चार आठवडे लागतात. तेव्हा पत्ता लिहिताना वस्तीचं नाव आणि पिनकोड नीट घाला, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा.